दुसरं नाव

सीएने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "नॉमिनी कोण लावायचा?"

मी म्हणाले, "कसला नॉमिनी? कंपनी तर माझ्या एकटीची आहे."

"म्हणूनच लागतो," तो म्हणाला.

जालन्याच्या नव्या मोंढ्याजवळ त्याचं ऑफिस आहे. खाली सरकीची पोती, वर दोन कॉम्प्युटर आणि एक कुलर. मी 'वन पर्सन कंपनी' काढायला गेले होते. नावच सांगतं की माणूस एक. डायरेक्टर मी, शेअरहोल्डर मी, प्रोग्रामर मी, कस्टमर केअरचा फोन उचलणारीही मीच. आणि तरी फॉर्मला दुसरं नाव हवं होतं. तुम्ही मेलात किंवा करार करण्याच्या अवस्थेत राहिला नाहीत, तर कंपनी कोणाची, याचं उत्तर कंपनी जन्माला घालतानाच द्यायचं. त्या माणसाची लेखी संमतीही जोडायची. तिचा वेगळा फॉर्म आहे, आयएनसी-३.

वय वर्षं अठ्ठावीस. मरणाचा विचार केलेला नव्हता. "घरी विचारून सांगते," म्हणाले आणि भोकरदनची एसटी धरली.

जालना ते भोकरदन हा रस्ता वाचायला बरा आहे. राजूरच्या गणपतीपर्यंत रेंज असते, पुढे येते-जाते. त्या दीड-दोन तासांत मी फोनवर एकच गोष्ट शोधत होते: एकट्याच्या कंपनीला दुसरं नाव लावायची ही अक्कल कोणाची? शोधता शोधता पोचले लंडनच्या एका चांभारी कारखान्यात.

त्याचं नाव ॲरन सॉलोमन. लंडनच्या पूर्वेला व्हाइटचॅपल हाय स्ट्रीटवर त्याचा बूट बनवायचा कारखाना होता. एकट्याच्या मालकीचा, बऱ्यापैकी चालणारा, सरकारी ऑर्डरी मिळणारा. १८९२ मध्ये त्याने धंद्याची लिमिटेड कंपनी केली. तेव्हाच्या, म्हणजे १८६२ च्या, कायद्याला कंपनीसाठी किमान सात माणसं लागत. सॉलोमनने घरातच मोजणी केली: तो स्वतः, बायको, एक मुलगी, चार मुलगे. भरले सात. एकूण २०,००७ शेअर्स. घरच्या सहा जणांना एकेक, उरलेले २०,००१ स्वतःकडे.

हे वाचून मला हसू आलं. कारण हा हिशोब आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

पुढे धंदा बसला. बूट कामगारांचे संप झाले, सरकार एकालाच ऑर्डर देण्याऐवजी ती अनेकांत वाटू लागलं, आणि वर्षभरातच कंपनी बुडाली. देणेकरी उभे राहिले. लिक्विडेटरचं म्हणणं साधं होतं: ही कंपनी नावालाच आहे, सात माणसं हे सोंग आहे, खरा मालक सॉलोमन, तेव्हा कर्ज त्याने फेडावं. खालच्या कोर्टाने हे मानलं, अपील कोर्टानेही मानलं. सॉलोमन तोपर्यंत इतका कफल्लक झाला होता, की हाउस ऑफ लॉर्ड्समधलं शेवटचं अपील त्याने गरीब पक्षकार म्हणून चालवलं. नोव्हेंबर १८९६ मध्ये लॉर्ड्सनी दोन्ही निकाल उलटवले. कायद्याने सात सह्या मागितल्या, सात सह्या आहेत. त्यातली सहा माणसं घरची आहेत की बाहेरची, एका शेअरची आहेत की हजार शेअरची, हे विचारायचा कायद्याला अधिकार नाही. कंपनी ही वेगळी व्यक्ती, सॉलोमन वेगळा. कंपनीचं कर्ज कंपनीचं.

जगभरच्या वकिलीच्या विद्यार्थ्यांना हा खटला शिकवतात, आपल्याकडेही. त्यात सॉलोमनचं नाव अजरामर झालं. माझं लक्ष मात्र त्या सहा जणांकडे जात राहिलं. एकेक शेअर असलेली बायको, मुलगी आणि मुलगे. त्यांच्याशिवाय हा 'एकट्याचा' धंदा कंपनी झालाच नसता, आणि खटल्याची सगळी मारामारी त्यांचं असणं हे सोंग की खरं, यावरच झाली.

इंग्लंडला खरोखर एका माणसाची खासगी कंपनी मान्य करायला १९९२ उजाडलं. आपण आणखी मागे. १९५६ च्या कंपनी कायद्यात प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन सदस्य लागायचे. जे. जे. इराणी, टाटा स्टीलचे माजी एमडी, यांच्या समितीने २००५ मध्ये शिफारस केली की एकट्या माणसालाही कंपनी काढू द्या. ती २०१३ च्या नव्या कायद्यात आली आणि १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. सुरुवातीला अट अशी, की उलाढाल दोन कोटींच्या वर गेली किंवा भांडवल पन्नास लाखांच्या वर गेलं, की तुम्ही 'एक व्यक्ती' राहू शकत नाही, दुसरा माणूस घ्याच. २०२१ च्या एप्रिलपासून ती मर्यादा काढली.

म्हणजे १९५६ ते २०१४ ही अठ्ठावन्न वर्षं या देशात ज्याला एकट्याने कंपनी काढायची होती, त्याने दुसरं नाव कुठून आणलं असेल? घरातून. नव्याण्णव टक्के शेअर आपल्याकडे आणि उरलेले बायकोच्या, आईच्या, नाहीतर भावाच्या नावाने. आमच्या नात्यात एक काकू आहेत. त्या वीस वर्षं एका कंपनीच्या डायरेक्टर होत्या आणि त्यांना ते एकदाच जाणवलं, सहीत फरक पडला म्हणून बँकेतून फोन आला तेव्हा. "मी म्हणलं, मी कुठे काय केलं?" हे त्या अजून सांगतात. अशा एका शेअरच्या बायका या देशात किती असतील, याची कोणी शिरगणती केलेली नाही.

कंपनी न काढताही धंदा करता येतोच. बहुतेक लोक तसाच करतात आणि मीही सुरुवात तशीच केली. प्रोप्रायटरशिप. बाजारातून चालताना पाट्या वाचा: अमुक ट्रेडर्स, खाली बारीक अक्षरात 'प्रो. प्रा.' आणि मालकाचं नाव. २०२० पासून उद्यम पोर्टलवर आधार टाकून फुकट नोंदणी होते, मला पंधरा मिनिटं लागली. पण प्रोप्रायटरशिपमध्ये धंदा आणि तुम्ही असे दोन नसताच. धंद्याचं कर्ज ते तुमचं कर्ज, धंद्याची चूक ती तुमची चूक. त्यात तुमची एफडी आणि उद्या नावावर होणारी जमीनही आली. गंमत म्हणजे मोंढ्यातल्या जुन्या पाट्यांवर एकट्याचं नाव क्वचितच दिसतं. तिथे 'ब्रदर्स' असतात, 'अँड सन्स' असतात, आडतीच्या दुकानांवर बाप आणि लेक अशी दोन नावं जोडून लिहिलेली असतात. ज्यांनी शंभर वर्षं धंदा केला, त्यांना पाटीवर एकटं दिसायची हौस नव्हती. ती आम्हा लॅपटॉपवाल्यांना.

जालन्यात धंदा सुरू करतो म्हणणाऱ्याला एक नाव हमखास ऐकवलं जातं. बद्रीनारायण बारवाले. मी पुण्याची नोकरी सोडून परत आले, तेव्हा पहिल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या माणसांनी मला ते ऐकवलं. "एकट्या माणसाने भेंडीचं बी विकून सुरुवात केली, बघ." स्फूर्ती म्हणून सांगतात. दरवेळी 'एकट्या' वर जोर.

गोष्ट खरी आहे. बारवाले मूळचे हिंगोलीचे, तरुणपणी निजामाच्या राजवटीविरुद्धच्या लढ्यात उतरलेले. जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं, सप्टेंबर १९४८ पर्यंत. नंतर ते शेतीत पडले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दिल्लीच्या पुसा संस्थेत तयार झालेल्या 'पुसा सावनी' नावाच्या भेंडीचं बी वाढवायला आणि विकायला सुरुवात केली. भेंडीला एक रोग पडतो, पानाच्या शिरा पिवळ्या होतात आणि बघता बघता सगळा प्लॉट पिवळा. ही जात त्या रोगापुढे बऱ्यापैकी टिकायची. पुढे १९६४ मध्ये त्यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी काढली. तीच महिको. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम चार वर्षांचं होतं, मराठवाड्याच्या एका तालुक्याच्या गावातला माणूस कंपनीला त्याचं नाव देत होता. जालना जिल्हा झाला तो फार पुढे, १९८१ मध्ये. गावात रेल्वे होती, पण मीटरगेज. मुंबईकडे जाणारा माल मनमाडला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे.

आणि माल काय? बी. जे शेतकरी विकतच घेत नव्हता. आमच्या आजीकडे कणगीत राखेत घोळलेलं, कडुनिंबाचा पाला घातलेलं बी असायचं. चांगली कणसं खुडणीच्या वेळीच वेगळी काढून ठेवत. कमी पडलं तर सोयऱ्याकडून आणायचं, पुढच्या वर्षी सवाईने परत द्यायचं. अशा माणसाला पाकीट दाखवून "याचे पैसे दे" म्हणणं, हे आज एखाद्याला फुकटच्या व्हॉट्सॲपऐवजी महिन्याला पैसे देऊन माझं ॲप घे म्हणण्यासारखं आहे. मला हे कसं जमत नाही ते माहीत आहे, म्हणून बारवालेंचं कौतुक मला पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा जास्त आहे.

काळ त्यांच्या बाजूने होता, हेही सांगायला हवं. राष्ट्रीय बीज निगम १९६३ मध्ये निघालं. १९६४ मध्ये देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, आली. पुढच्या वर्षी संकरित बाजरी. बियाणे कायदा १९६६ चा. मुख्यमंत्री वसंतराव नाईक संकरित ज्वारीच्या मागे हात धुऊन लागले होते. धान्याची टंचाई होती, अमेरिकेहून गहू येत होता. पण सरकारी योजना होती म्हणून सगळेच काही धंद्यात उतरले नाहीत. ते उतरले.

मग 'एकट्याने' हा शब्द मला का खटकतो?

कारण बी एकट्याने करता येत नाही. हे मी बारवालेंच्या चरित्रातून शिकले नाही, आमच्या शेडनेटमधून शिकले. पण ते ज्वारीवर नीट कळतं, म्हणून ज्वारीवर सांगते. संकरित बी म्हणजे दोन वेगळ्या वाणांचं लेकरू. सीएसएच-१ मध्ये मादी वाण होता अमेरिकेतून आलेल्या नरवंध्य ज्वारीचा, म्हणजे जिच्या कणसात पराग तयारच होत नाही अशीचा. शेजारी नर वाणाच्या ओळी लावायच्या. वाऱ्याने नराचा पराग मादीच्या कणसावर पडायचा, आणि मादीच्या कणसात जे दाणे भरतील ते बियाणं. आता वाऱ्याला बांध कळत नाही. शेजाऱ्याच्या वावरात साधी ज्वारी असेल तर तिचाही पराग तुमच्या मादीवर येणार, आणि बी भेसळ होणार. म्हणून विलगीकरण अंतर. संकरित ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला चहूबाजूंनी दोनशे मीटरपर्यंत दुसरी ज्वारी नको.

दोनशे मीटर. आमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, दोनशे मीटरमध्ये किती सातबारे येतात. म्हणजे बियाण्याचा प्लॉट घ्यायचा तर तुम्ही स्वतः शेतकरी असून भागत नाही. चार शेजाऱ्यांनी यंदा ज्वारी पेरायची नाही, किंवा तुमचीच पेरायची, असं ठरवावं लागतं. भावकीत वाद असेल तर प्लॉट होत नाही. मग फुलोऱ्यात रोज फिरून भेसळीची ताटं उपटायची, नर आणि मादी एकाच वेळी फुलावर येतील अशा पेरणीच्या तारखा मागे-पुढे करायच्या. कंपनीने पालक बी द्यायचं, शेतकऱ्याने वाढवून परत कंपनीलाच विकायचं. कंपनीचा शेतकऱ्यावर विश्वास हवा, की तो पालक बी बाजूला विकणार नाही. शेतकऱ्याचा कंपनीवर हवा, की काढणीनंतर ती हात वर करणार नाही. महिकोचा पायाच हा होता: लहान शेतकऱ्यांकडून त्यांच्या वावरात बी करून घेणं. १९९८ मध्ये बारवालेंना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ मध्ये पद्मभूषण. पुरस्कार एका माणसाला देतात, ती त्याची पद्धत आहे. वारा ती पद्धत पाळत नाही.

आणि ती पहिली भेंडी? पुसा सावनी दिल्लीत डॉ. हरभजन सिंग यांनी तयार केली होती. जालन्यात त्यांचं नाव मला एकानेही ऐकवलं नाही.

या धंद्याचं सगळंच गोड आहे असं नाही, आणि आमच्या घरात तर मुळीच नाही. हायब्रीडचं बी दरवर्षी नवं घ्यावं लागतं. कणगीतलं बी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही. ज्वारीच्या हायब्रीडची भाकरी आजीने शेवटपर्यंत मानली नाही. आमच्याकडे 'हायब्रीड' हा शब्द आजही बिनचवीच्या वस्तूला आणि बिनकामाच्या पोराला लावतात. संकरित बाजरीवर सत्तरच्या दशकात केवड्याचा रोग असा पडला, की कणसाच्या जागी पानांचा झुपका. मग २००२ मध्ये महिकोच्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली. सुरुवातीच्या वर्षांत साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाला दीड हजारांच्या वर रुपये पडत होते. आमचे आप्पा ते पाकीट दोन्ही हातांनी धरून आणायचे, ते मला आठवतं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. पीक आलं त्या वर्षी कंपनी देव होती, बोंडअळी परत आली तेव्हा चोर. दोन्ही वेळी आप्पा त्याच दुकानात गेले.

हा इतिहास माझ्या धंद्याशी असा जोडलेला आहे. जालन्याच्या आसपास, भोकरदन-जाफराबादपासून पलीकडे बुलढाण्याच्या देऊळगाव राजापर्यंत, आज भाजीपाल्याच्या संकरित बियाण्याचे प्लॉट आहेत. मिरची, टोमॅटो, काकडी. दहा-दहा गुंठ्यांची शेडनेट. इथे वाऱ्यावर सोडून चालत नाही, हाताने करावं लागतं. संध्याकाळी मादी झाडाची उद्या उमलणारी कळी निवडायची, चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढायचे. सकाळी नर फुलाचा पराग त्या कळीला लावायचा आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. एकेक फूल. याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात, आणि ते बहुतेक बायकाच करतात. आमच्याकडेही दहा गुंठे आहे. आई आणि गावातल्या दोघी.

कंपनी आणि शेतकरी यांच्यामध्ये ऑर्गनायझर असतो. तो शेतकरी जमवतो, पालक बी वाटतो, भेटी देतो, माल गोळा करतो. त्याचा सगळा कारभार वह्यांत. पुण्यात पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या देशांतल्या विमा कंपन्यांचे फॉर्म बनवत होते. मला वाटलं, या वह्यांचं ॲप करू. शेतकरी, प्लॉट, पेरणीची तारीख, क्रॉसिंगची तारीख, लॉट नंबर, पेमेंट. पहिल्या हंगामात तीन ऑर्गनायझर मिळाले. ऑफिस म्हणजे जालन्यात भाड्याची एक खोली, आणि हंगामात आमच्या घराची ओसरी.

त्याच ओसरीवर ते झालं. माल भरायचे दिवस होते. लॉटची लेबलं मी ॲपमधून छापून आणली होती आणि आई पिशव्यांना लावायला मदत करत होती. वाचत वाचत लावत होती, जे मी करत नव्हते. एका लेबलपाशी थांबली.

"अगं, हे दोघं आहेत."

"कोण दोघं?"

"ह्याचा मळा नदीकडचा. आन् दुसरा गावठाणाजवळचा. तू दोघायचं एकच केलं."

एकाच गावात, एकाच नावाची, एकाच आडनावाची दोन माणसं. एकाकडे मिरचीचा एक वाण, दुसऱ्याकडे दुसरा. माझ्या ॲपने दोघांना एक शेतकरी समजून दोन्ही प्लॉट एका खात्यात घातले होते आणि लेबलांवर एकच लॉट नंबर पडला होता. पिशव्या तशाच गेल्या असत्या, तर तिकडे दोन वाण एकत्र ओतले गेले असते. मग नमुना पेरून तपासणी होते, जिला जीओटी म्हणतात. त्यात लॉट फेल. दोन कुटुंबांचा अख्खा हंगाम आणि दहा-बारा बायकांचं दोन महिन्यांचं वाकून काम, बी म्हणून शून्य किमतीचं.

चूक कुठे होती ते शोधायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. फॉर्ममध्ये नाव आणि आडनाव सक्तीचं होतं. मधलं नाव ऐच्छिक. पुण्यात पाच वर्षं मी असेच फॉर्म बनवले, तिकडे मधलं नाव हा फालतू रकाना असतो. पण आमच्या गावात अर्ध्या घरांचं आडनाव एकच आहे. नावंही देवांची, म्हणजे मोजकीच. माणूस ओळखू येतो तो बापाच्या नावाने, बाई असेल तर नवऱ्याच्या. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच गावची आहे, माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आप्पांचं नाव मधोमध आहे. तरी मी तो रकाना रिकामा सोडायची मुभा दिली.

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी तिथली माणसं व्यापारी वाटांवरून हिंडायची. मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपावर ज्यांनी दान दिलं त्यांची नावं दगडात कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे दाते आहेत. नुसतं नाव कोरून भागलं नाही, गाव जोडावं लागलं. छिन्नीने कोरणाऱ्याला कळत होतं, की एका नावाने माणूस पुरा होत नाही.

त्या रात्री मी आणि आईने सगळी लेबलं पुन्हा वाचली. ती नाव वाचायची आणि प्लॉट कुठला ते सांगायची, मी टाइप करायचे. आणखी एक जोडी सापडली. ऑर्गनायझरला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "गेलं असतं तर मी तुझ्याकडेच आलो असतो, ताई." धमकी नव्हती. खरंच तो आणखी कुठे जाणार?

म्हणून सीए. म्हणून कंपनी, म्हणजे कंपनीची चूक कंपनीच्या भांडवलापुरती राहील. सीएने माझा उत्साह तिथेच निम्मा केला. दरवर्षी ऑडिट लागेल, रिटर्न वेगळे, माझी फी वेगळी. "आन् बँकेत कर्जाला गेलीस, की पर्सनल गॅरंटीवर तुझीच सही घेतील. सॉलोमन-बिलोमन तिकडं चालत नाही." त्याला खटला माहीत होता, याचं मला बरं वाटलं.

घरी पोचले तेव्हा आप्पा म्हणाले, "भावाचं लाव." भाऊ वाळूजला कंपनीत आहे. कारण त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. उद्या तुझं लग्न होईल, कंपनी दुसऱ्या घरात जाईल, हे ते कारण. त्यात दुष्टपणा नव्हता, त्यांच्या पिढीचा वारसाचा हिशोब होता. भावाला मी फोन केला. तो म्हणाला, "लाव की. करायचं काय असतं?" मी म्हणाले, मी मेल्यावर कंपनी चालवायची. तो हसला. म्हणाला, मला तर तुझं ॲप उघडताही येत नाही.

ॲप उघडता येणारं घरात एकच माणूस होतं. आईच्या फोनमध्ये ते पहिल्या दिवसापासून आहे, क्रॉसिंगची तारीख टाकायला. कोणता शेतकरी कोणता, कोणाचा प्लॉट कोणत्या बांधाला, ऑर्गनायझरने कोणाचे पैसे अडकवलेत, हे माझ्या डेटाबेसपेक्षा तिला जास्त माहीत आहे. आणि हे मला फॉर्मने विचारेपर्यंत कधी सुचलं नव्हतं. मी जिथे-तिथे सांगत होते की धंदा एकटीने उभा केला.

शेडनेटमध्ये जाऊन तिला सांगितलं. ती कळ्या काढत होती, चिमटा हातातच.

"म्हणजे तू मेल्यावर मला द्यायची?"

"हो."

"काहून असं अभद्र बोलायलीस." मग चार कळ्या झाल्यावर, "मला काय करावं लागंल?"

मी खरं ते सांगितलं. मी असेपर्यंत काहीच नाही. मी नसले तर सगळं तिचं, कंपनी बंद करायची की चालवायची तेही तिने ठरवायचं. एका शेअरच्या काकूंसारखं होणार नाही, मी प्रत्येक कागद वाचून दाखवीन.

"आन् मला नको वाटलं तर? मागाहून काढता येतं का नाव?"

हे मला माहीत होतं, एसटीत वाचलं होतं. नॉमिनीला संमती केव्हाही लेखी मागे घेता येते. मग मालकाने पंधरा दिवसांत दुसरं नाव द्यायचं.

"येतं," मी म्हणाले.

"मग ठीक."

कागद जमवताना घोळ झालाच. पॅनवर तिच्या वडिलांचं नाव, आधारवर आप्पांचं, आणि मतदान कार्डावर स्पेलिंग तिसरंच. सीए म्हणाला, आधी एक सारखं करून आण. त्यात तीन आठवडे गेले. तेवढ्यात मी ॲपमधला मधल्या नावाचा रकाना सक्तीचा केला, आणि तिघांपैकी एका ऑर्गनायझरने पुढच्या हंगामासाठी नाही म्हणून कळवलं.

सही करायला आईला जालन्याला आणलं, तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि सीएचं शटर बंद होतं. ती पायरीवर बसली आणि दर पाच मिनिटांनी मला वेळ विचारू लागली. अकराच्या आत पराग लावला नाही तर काल काढलेल्या कळ्या वाया जातात, आणि त्या दोघींना एकट्याने तेवढ्या ओळी होणार नव्हत्या.